हात वर केलेला लोरिस आणि तुझा रिसर्च

प्रिय संशोधक (हो, आता असंच म्हणणार, सवय करून घे),

तुझा थिसिसच्या विषयाचा मेल वाचला, दोनदा वाचला. विषय चांगलाय पण "नामशेष व्हायला आलेले प्रायमेट्स पाळणं : एक अभ्यास" (प्रायमेट्स म्हणजे माकडं, चिंपांझी, लोरिस, लेमूर हे सगळेच आले) हे टायटल एवढं मोठंय की त्यात चार-पाच वर्षं कुठे गेली कळणार नाही आणि शेवटी हातात फक्त संताप उरेल. संताप असू दे की, मलाही येतो, पण त्याचा चॅप्टर होत नाही.

आधी माझी एक चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका लेक्चरमधे मी स्लो लोरिसचा (मोठ्या डोळ्यांचा छोटा, संथ प्रायमेट) तो गुदगुल्यांचा व्हिडिओ दाखवला, तोच 2009 मधला, त्यात तो दोन्ही हात वर करून पडलेला असतो आणि बघणारे म्हणतात कसा मजा घेतोय बघ. मी दाखवला तो हाल कळावेत म्हणून. समजावलं पण नीट, की याच्या दंडाच्या आतल्या बाजूला एक ग्रंथी असते, तिथला स्राव आणि तोंडातली लाळ एकत्र झाली की विष बनतं, म्हणून हात वर, म्हणजे तो घाबरलाय आणि चावायच्या तयारीत आहे, शिवाय हा निशाचर प्राणी आणि भर उजेडात ठेवलाय. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि चहाच्या वेळेला दोघीजणी येऊन विचारतात, मॅम पण हा मिळतो कुठे?

तेव्हा मला वाटलं माझं शिकवणं कच्चं. मग 2013 मधे ॲना नेकारिस आणि त्यांच्या टीमचा पेपर आला, त्यांनी त्याच व्हिडिओखालच्या बारा हजारांहून जास्त कमेंट्स तपासल्या होत्या आणि "मला पण एक पाहिजे" हा सूर तिथेही होताच. चिंपांझीचं तर अजून गंमतशीर आहे (गंमत कसली म्हणा). स्टीफन रॉस आणि सहकाऱ्यांनी 2011 मधे लोकांना चिंपांझीचे वेगवेगळे फोटो दाखवून प्रश्न विचारले. ज्यांना शेजारी माणूस उभा असलेला फोटो मिळाला त्यांना चिंपांझी पाळावासा वाटण्याची शक्यता वाढली, आणि जंगलातले चिंपांझी ठीकठाक आहेत असंही त्यांना जास्त वाटलं. नुसता शेजारी माणूस! म्हणून तुझ्या थिसिसच्या कव्हरवर कुणाच्या खांद्यावर बसलेलं पिल्लू नको, प्रेझेंटेशनमधे पण नको, आणि "जागृतीसाठी" म्हणून व्हिडिओ फॉरवर्ड करणं आजपासून बंद.

आता मुख्य मुद्दा. तू लिहिलंयस की जेवढे पाळलेले प्राणी सापडतील तेवढे मोजायचे. मोज ना, पण तुला जो प्राणी दिसणार आहे तो सगळ्यातून वाचलेला असणार. गिबन किंवा चिंपांझीचं पिल्लू आईला घट्ट धरून असतं, ते जिवंत हवं तर बहुतेक वेळा आईला मारतात, आणि चिंपांझीच्या बाबतीत मधे पडणारे कळपातले बाकीचे पण मरतात. लोरिस पकडला की विकायच्या आधी त्याचे पुढचे दात नेलकटरने नाहीतर पक्कडीने तोडतात, भूल वगैरे काही नाही, मग इन्फेक्शन होतं आणि कितीतरी तिथेच संपतात. आणि तेच खालचे पुढचे दात वापरून तो झाडाची साल खरवडून डिंक खातो, म्हणजे दात गेले की परत जंगलात सोडायचा रस्ता पण जवळजवळ बंद. तुझ्या एक्सेल शीटमधे ही सगळी मेलेली जनावरं कुठल्या कॉलममधे जाणार? कुठल्याच नाही. तो कॉलम तुला बनवावा लागेल.

कसा, तर मालकाला सरळ विचार, याच्या आधी कोणी होतं का, त्याचं काय झालं, किती दिवस जगलं. माझा अनुभव असा की आत्ता घरात असलेल्या प्राण्याबद्दल माणूस जपून बोलतो पण आधीच्याबद्दल भडाभडा बोलतो, कारण ते दुःख त्याला कुणाला तरी सांगायचं असतं. मादागास्करमधे किम रॉयटर आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या मुलाखती घेतघेतच अंदाज काढला होता, 2010 ते 2013 च्या मधे 28,000 पेक्षा जास्त लेमूर जिवंत पकडले गेले असावेत म्हणून, आणि तिथे लेमूर पाळणं बेकायदा असूनसुद्धा. तो पेपर आकड्यासाठी वाचू नकोस, प्रश्न कसे विचारलेत त्यासाठी वाच.

बेकायदा म्हटलं की लोक खोटं बोलणार हे आलंच. त्यावर एक जुनी युक्ती आहे, फाशाची. समोरच्याला फासा दे, तो लपवून टाकेल. 1 पडला तर काहीही असो "हो" म्हणायचं, 6 पडला तर "नाही", बाकी आकड्यांना खरं सांगायचं. एका माणसाचं "हो" खरं की फाशाचं ते तुला कधीच कळणार नाही, म्हणून तो निर्धास्त. पण 600 जणांना विचारलंस तर साधारण 100 "हो" फाशामुळे येणार हे तुला माहितीय, मग 160 "हो" आले तर उरले 60, आणि खरं बोलणारे साधारण 400, म्हणजे 15 टक्के. लोकांना फासा समजावण्यातच अर्धा वेळ जातो आणि काहीजण 1 पडला तरी "हो" म्हणत नाहीत, जीव धजत नाही त्यांचा, त्यामुळे आधी वीसएक जणांवर ट्रायल घे.

सायटीसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) डेटाबद्दल तू फार खुशीत दिसतोय असं वाटलं मेलवरून, तर थोडं पाणी ओतते. हा करार 1975 पासून लागू आहे, सगळे प्रायमेट्स परिशिष्ट एक (सगळ्यात कडक) किंवा दोनमधे येतात, स्लो लोरिस 2007 मधे एकमधे गेले आणि बार्बरी मकाक नावाची माकडं 2016 च्या निर्णयाने. छान. पण त्यात फक्त देशाबाहेर जाणारा आणि परमिट असलेला व्यापार नोंदतात, देशातल्या देशात पिंजऱ्यातून पिंजऱ्यात काय चाललंय ते नाही आणि तस्करी तर जवळजवळ नाहीच. पाठवणाऱ्या देशाचा आकडा आणि घेणाऱ्या देशाचा आकडा पुष्कळदा जुळत नाही, तेव्हा दोन्ही ठेव, सरासरी काढू नकोस. आणि नोंदीतला "सी" कोड म्हणजे बंदिवासातच पैदास केलेला, असं फक्त कागद म्हणतो. जंगलातलं पिल्लू "सी" लिहून खपवणं हा काही नवीन धंदा नाही. अजून एक, जुन्या नोंदींमधे बहुतेक स्लो लोरिस एकाच जातीच्या नावाने लिहिलेत, नंतर त्यांच्या बऱ्याच वेगळ्या जाती मानल्या गेल्या, त्यामुळे जावाचा लोरिस, जो आज अतिसंकटग्रस्त आहे, तो जुन्या आकड्यांत वेगळा दिसतच नाही.

मालकांशी भांडू नकोस. हे तुला जड जाणार मला माहितीय. त्यातले बरेच जण त्या जिवावर खरंच प्रेम करतात, बाटलीने दूध पाजतात, रात्र रात्र जागतात. पिल्लू वयात आलं की चावायला लागतं, कारण त्याला त्याच्या जातीची संगत हवी असते, आणि मग हाच प्रेमळ माणूस त्याला साखळी लावतो. हा बदल कधी होतो, कितव्या वर्षी, तेव्हा माणूस स्वतःला काय सांगतो, खरं तर फक्त यावरच एक अख्खा थिसिस होईल आणि मला विचारशील तर तू तोच करावास. टायटलचा प्रश्न पण सुटेल.

तब्येतीचं पटकन सांगते. जवळ जायचं नाही, मास्क लाव, तोंडाला हर्पिसचा फोड असेल त्या आठवड्यात फील्डवर जायचंच नाही, आपल्याला नुसता फोड येतो, मार्मोसेट (दक्षिण अमेरिकेतलं चिमुकलं माकड) त्याने मरतं. उलट मकाकचा बी व्हायरस (हर्पिसच्याच कुळातला) मकाकला फारसा त्रास देत नाही पण माणसाच्या मेंदूपर्यंत जातो. चावलं किंवा ओरबाडलं तर लगेच पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धू आणि सरळ दवाखाना गाठ, मुलाखत अर्धी राहिली तरी चालेल.

आणि विकत घेऊन सोडवायचं नाही. कुणीतरी तुला पिल्लू दाखवेल, मरायला टेकलेलं असेल, किंमत पण परवडणारी असेल. तू पैसे दिलेस की विकणाऱ्याच्या दृष्टीने तो एक माल खपला, आणि त्याची रिकामी झालेली जागा भरायला परत कोणीतरी जंगलात जाणार. यासाठी आधीच एखाद्या रेस्क्यू सेंटरशी बोलून ठेव, कुणाला फोन करायचा, त्यांच्याकडे जागा आहे का, हे सगळं फील्डवर जायच्या आधी. तरी त्या रात्री झोप लागणार नाही. मला लागली नव्हती.

पुढच्या आठवड्यात तू अभ्यासासाठी बघितलेल्या पाळीव प्रायमेट्सच्या व्हिडिओंची यादी पाठव, पण लिंक टाकू नकोस, नुसते नंबर आणि तुझ्या नोंदी : उजेड होता का, एकटा होता का, अंगावर माणसाचा हात होता का, आणि लोरिस असेल तर हात वर होते का खाली.

तुझी,
मॅम