अंदमानात पहिलं खरं डायव्हिंग: कुठे उतरावं, काय दिसेल, कोर्स करावा का

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मालवणला किल्ल्याजवळ एकदा स्कूबा करून झालं आहे, आता डिसेंबरात तुम्ही नवरा-बायको अंदमानला आठवडाभर जाताय. तिथले 'सगळे चांगले स्पॉट' करायचे आहेत, शार्क किंवा मांटा (अवाढव्य पाकट) दिसावा अशी फार इच्छा आहे, आणि कोर्सवर पैसे घालावेत की नुसती मजा करून यावं हे ठरत नाहीये.

माझं मत आधीच सांगते. कोर्स कराच. एकाच बेटावर मुक्काम ठोका आणि उथळ रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकांवर, पुन्हा पुन्हा उतरा. मोठ्या जनावरांसाठी ही सहल नाही, असं मनाशी धरून जा. आणि रजेची अदलाबदल होत असेल तर डिसेंबर सोडून फेब्रुवारी-मार्च बघा.

महिन्याचं आधी सांगते, कारण तिकिटं काढायची आहेत. अंदमानला दोन्ही पावसाळे मिळतात. नैर्ऋत्येचा आपल्यासारखाच, आणि तो सरला की ऑक्टोबरपासून ईशान्येचा. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं उठतात, वारा राहतो, आणि बाहेरच्या स्पॉटकडे जाणाऱ्या बोटी ऐनवेळी रद्द होतात. डिसेंबरात डायव्हिंग होत नाही असं नाही, पण आठवड्यातले दोन दिवस वाऱ्याने खाल्ले तर हातात काही उरत नाही. त्यात नाताळची गर्दी. फेब्रुवारी ते एप्रिल समुद्र बराच शांत असतो आणि पाणी साधारण २७ ते ३० अंश, म्हणजे पातळ वेटसूट पुरतो.

आता मालवणबद्दल. तुम्ही लिहिलंय, 'तिथे पाणी गढूळ होतं, म्हणून काही विशेष दिसलं नाही.' मालवणचं पाणी खराब नाही, ते वेगळं आहे. कर्ली, गड यांसारख्या नद्या गाळ आणतात, पावसाळ्यात खोल पाण्यातली पोषकद्रव्यं वर येतात, त्यावर प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) माजतं आणि पाणी हिरवट होतं. त्याच प्लवकावर तारली आणि बांगडा पोसला जातो. म्हणजे जे पाणी तुम्हाला नकोसं वाटलं, त्यावरच किनाऱ्यावरची रापण आणि ट्रॉलर चालतात. अंदमानचं निळंशार पाणी उलट जवळजवळ उपाशी असतं. त्यात तरंगतं अन्न फार कमी, म्हणून तर आरपार दिसतं.

मग अशा उपाशी पाण्यात एवढं गजबजलेलं जग कसं उभं राहतं? प्रवाळामुळे. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशात अन्न बनवतं आणि त्यातला मोठा हिस्सा यजमानाला देतं. बदल्यात त्याला आसरा मिळतो, आणि प्रवाळाने टाकून दिलेली द्रव्यं खत म्हणून मिळतात. काहीही वाया जात नाही. या सगळ्या व्यवहाराचं भांडवल सूर्यप्रकाश आहे आणि तो खोलवर पोचत नाही. म्हणूनच रीफचा सर्वांत भरलेला भाग बहुतेक ठिकाणी वरच्या १५ मीटरच्या आसपास असतो. 'आम्ही ३० मीटर गेलो होतो' असं कोणी छाती फुगवून सांगितलं तर ऐकून घ्या, पण त्यावरून स्पॉट ठरवू नका. खाली रंगही जातात. लाल तर पहिल्या काही मीटरांतच मावळतो, मग लाल मासा करडा दिसतो. वर हवाही जास्त वेळ पुरते.

(मालवणलाही प्रवाळ आहे, तिथलं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी भाग आहे, त्याचा माथाच सुमारे २० मीटर खोल. आपल्या दाराशी हे आहे, याचं मला कौतुक आहे. पण नवख्यांना तिथे काम नाही.)

कोर्सकडे येते. मालवणला जे केलंत त्याला ट्राय डायव्ह म्हणतात. माणूस तुम्हाला मागून धरतो, तुमची हवा तोच सांभाळतो, तुम्ही श्वास घ्यायचा आणि बघायचं. अंदमानातही हेच मिळतं, मर्यादा १२ मीटरची. त्यात वाईट काही नाही, पण तुमची मान कोणाच्या तरी हाताने वळते. ओपन वॉटर कोर्स, म्हणजे प्रमाणपत्राचा पहिला कोर्स, तीन-चार दिवसांचा असतो. थिअरी घरूनच ऑनलाइन करून जा, म्हणजे बेटावरचा वेळ पाण्यात जाईल. शेवटी १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर उतरण्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि ते जगभर चालतं.

खरी कमाई मात्र त्या कार्डात नाही, बॉयन्सीत आहे. पाण्यात न बुडता, न वर जाता एका पातळीवर ठरून राहणं म्हणजे बॉयन्सी. जॅकेटमधली हवा ढोबळ काम करते, बारीक काम फुफ्फुसं करतात. सावकाश श्वास भरला की तुम्ही थोडे वर जाता, सोडला की खाली येता. हे एकदा अंगात मुरलं की हातपाय मारायची गरज उरत नाही, हवा दीडपट पुरते, आणि मासे तुम्हाला बघून पळत नाहीत. जो माणूस धडपडतोय त्याच्यापासून सगळी रीफ लपते. स्वतःवर ताबा असलेला माणूस एका खडकासमोर पाच मिनिटं थांबला की चौथ्या मिनिटाला बिळं उघडतात. हा फरक मला इतका मोठा वाटतो, की दहा नामांकित स्पॉटपेक्षा मी एक चांगला इन्स्ट्रक्टर निवडेन.

एक नियम मात्र पाठ असू द्या: श्वास कधीही रोखायचा नाही. दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. १० मीटरवर भरलेली छाती श्वास रोखून वर आणली तर आतली हवा दुप्पट जागा मागते, आणि फुफ्फुसाला इजा होण्यासाठी त्याहून बरंच कमी पुरतं. कानाचंही तसंच. उतरताना दर मीटरला कान मोकळे करा, दुखायची वाट बघू नका. दुखलंच तर थोडं वर या, परत करून बघा. नाहीच झालं तर ती डायव्ह सोडा, पैसे गेले तरी.

स्पॉट. तुम्ही स्वराज द्वीपवर, म्हणजे सगळे अजूनही ज्याला हॅवलॉक म्हणतात तिथे राहा. निमो रीफ किनाऱ्यावरून चालत उतरण्याजोगी आहे, तुमचा कोर्स बहुधा तिथेच सुरू होईल. ट्राय डायव्हची गर्दी असते म्हणून लोक नाकं मुरडतात. सकाळी लवकर उतरलात तर ती जागा सुरेख आहे. लाइटहाउस आणि ॲक्वेरियम या त्यानंतरच्या पायऱ्या. रात्रीची डायव्ह मिळाली तर लाइटहाउसला करा, दिवसा बिळात असलेले खेकडे, शेवंड, ऑक्टोपस तेव्हा फिरायला निघतात. द वॉल ही उभी कडा आहे, बरीच खोल जाते. तिच्या वरच्या टप्प्यातच राहून ती बघण्यात खरा आनंद आहे, आणि नजर अधूनमधून बाहेरच्या निळ्याकडेही ठेवा, ट्रेव्हली आणि फ्युझिलियर्स या माशांचे थवे तिकडूनच येतात.

डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज ही नावं तुम्ही यादीत सगळ्यात वर लिहिली आहेत. ती नावं स्थानिक करेन डायव्हरांवरून पडली आहेत. करेन लोक ब्रिटिश काळात ब्रह्मदेशातून मध्य अंदमानात येऊन वसले, आणि या समुद्राची त्यांच्याइतकी ओळख फार थोड्यांना आहे. दोन्ही जागा अप्रतिम आहेत, पण त्या बाहेरच्या समुद्रात, २०-३० मीटरच्या भागातल्या, प्रवाह असलेल्या. ॲडव्हान्स्ड कोर्स आणि काही डायव्ह पदरी असल्याशिवाय तिकडे जाऊ नका. तुमचं कार्ड न बघता 'चला, नेतो' म्हणणारं दुकान भेटलं तर तिथून निघा.

आता काय दिसेल. मी मुद्दाम लहान जीवांपासून सुरू करते.

समुद्रफुलाच्या (सी ॲनिमोनच्या) दोऱ्यांत राहणारा क्लाउनफिश सगळे फोटोपुरता बघतात. जरा थांबून घरातली माणसं मोजा. सर्वांत मोठी ती मादी, तिच्याखालचा तिचा नर, बाकीची लहान. मादी मेली की तो नरच मादी होतो आणि खालचा एक बढती घेतो. समुद्रफुलाशेजारच्या खडकावर नारिंगी-तपकिरी ठिपक्यांचा पट्टा दिसला तर ती अंडी, आणि त्यांना पंखांनी वारा घालणारा बाप. तो तुमच्या मास्कवर धडका देईल, तेव्हा मागे सरा.

वाळूच्या पट्ट्यावर, जिथून गाइड भरभर पुढे नेतात, तिथे गोबी आणि कोळंबीची जोडी बघा. कोळंबी दिवसभर बीळ उपसत असते, तिला फारसं दिसत नाही. गोबी दारात पहाऱ्याला असतो. बाहेर आली की कोळंबी आपली एक मिशी त्याच्या अंगावर टेकवून ठेवते. धोका दिसला की तो शेपटी थरथरवतो, आणि दोघं आत. दोन मीटरवर स्थिर राहिलात तर हे सगळं समोर चालू होतं, एक हातवारा केला की संपलं.

मोठा हेकरू (ग्रूपर) तोंड उघडून निश्चल दिसला तर त्याच्या कल्ल्यांत बघा, निळ्या पट्ट्याचा बोटभर क्लीनर रॅस मासा आत शिरून साफसफाई करत असेल. पाण्याखाली सतत कडकड आवाज येतो तो मुख्यतः स्नॅपिंग श्रिम्प या छोट्या कोळंबीचा, आणि मधूनच कुरतडल्यासारखा येतो तो पॅरटफिशचा. तो चोचीने खडक खरवडून शैवाल खातो आणि चुनखडीचा चुरा मागे सोडतो. मालदीव-लक्षद्वीपच्या पांढऱ्या वाळूत या चुऱ्याचा हिस्सा फार मोठा आहे.

भीती वाटण्याजोगं म्हणाल तर काळ्या-निळसर पट्ट्यांचा समुद्री साप. विष जहाल, स्वभाव अगदी गरीब. हवेसाठी वर जातो, अंडी घालायला जमिनीवर येतो. वाट द्या, पुरे. मला त्याच्यापेक्षा टायटन ट्रिगरफिशची जास्त काळजी वाटते. मादी वाळूत घरटं राखत असेल तर खरोखर चावायला येते. तिची हद्द वर रुंद होत जाते, म्हणून वर पळू नका, पायातली फिन तिच्याकडे ठेवून आडवे दूर जा. स्कॉर्पियनफिश, स्टोनफिश हुबेहूब दगड दिसतात, त्यावर उपाय एकच: कशालाही हात लावायचा नाही.

शार्क-मांटाचं. व्हाइटटिप शार्क अंदमानात खोल पिनॅकलवर, म्हणजे पाण्याखालच्या सुळक्यांवर, कधीमधी दिसते, तुमच्या पहिल्या सहलीत दिसेलच असं कोणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. कासव आणि पाकट यांची शक्यता बरी. मांटा हेच स्वप्न असेल तर पुढे अनुभव घेऊन मालदीव करा. तिथल्या बा अटॉलमधल्या हनिफारू बेमध्ये पावसाळ्यात प्लवक साचतं आणि मांटा जमतात, पण तिथे सिलिंडर लावून उतरायला बंदी आहे, फक्त स्नॉर्केल. लक्षद्वीपची रीफही फार देखणी आहे, मात्र परवाना आणि प्रवासाचं नियोजन बरंच आधी करावं लागतं.

एक गोष्ट तुम्हाला कोणी जाहिरातीत सांगणार नाही, म्हणून मी सांगते. उथळ भागात काही ठिकाणी तुम्हाला तुटक्या, करड्या फांद्यांचा नुसता खच दिसेल. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभर जास्त काही आठवडे राहिलं की प्रवाळ आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. ताप लवकर उतरला तर सावरतं, नाहीतर मरतं. १९९८, २०१० आणि २०१६ साली आपल्या बेटांना हे मोठे तडाखे बसले, आणि २०२४ साली लक्षद्वीपला पुन्हा. त्याच मेलेल्या फांद्यांवर नखाएवढी नवी प्रवाळं धरलेली मी बघते, तेव्हा कुणाची फिन त्यांच्यावर आदळताना बघवत नाही. त्यांना हाताएवढं व्हायलाही बरीच वर्षं लागतात. म्हणून फोटोसाठी रीफवर गुडघे टेकू नका, ग्लोव्ह मागू नका, आणि गाइड समुद्री काकडी उचलून तुमच्या हातात देऊ लागला तर हातानेच नाही म्हणा. किनाऱ्यावर पडलेलं मेलेलं प्रवाळही बॅगेत टाकू नका. प्रवाळ आणि समुद्री काकडी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, बरेच शंखही संरक्षित आहेत, आणि विमानतळावर बॅगा तपासतात.

राहिलेलं पटापट. दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, फिट येण्याचा इतिहास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांचं लेखी घ्या, वैद्यकीय फॉर्मवर खरं लिहा. सर्दी असेल त्या दिवशी उतरायचं नाही, गोळी घेऊनही नाही, कारण तिचा असर खालीच उतरला तर कान अडकतात. विमा काढाल तो डायव्हिंग धरणारा आहे का बघा. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ फलक असेल तिथे पोहू नका.

बेत असा ठेवा: पहिला दिवस प्रवासाचा, मग चार दिवस कोर्स, सहाव्या दिवशी सकाळी दोन निवांत डायव्ह ज्या रीफवर शिकलात तिथेच. शेवटची डायव्ह आणि विमान यांत किमान १८ तास हवेत, पूर्ण एक दिवस ठेवलात तर अधिक बरं, म्हणून श्री विजयपुरमला, म्हणजे पोर्ट ब्लेअरला, शेवटची रात्र काढा. फेरीची तिकिटं हॉटेलच्या आधी काढा, आणि परतीची फेरी विमानाच्या दिवशीची घेऊ नका, कारण वारा सुटला तर पहिली तीच रद्द होते.