हे कुलूप कोणी लावलं?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

नाशकातल्या वाड्यावरच्या तुझ्या गेमचा बिल्ड, म्हणजे आतापर्यंत झालेली कच्ची प्रत, परवा रात्री दोनदा खेळले. पहिल्यांदा नुसती खेळले, दुसऱ्यांदा शेजारी वही घेऊन. चाबूक हवेत फिरतो तेव्हाचा आवाज झकास जमलाय. ओसरीवरून चौकात उतरताना आधी सावली उतरते आणि माणूस मागून येतो, तेही फार आवडलं. त्यावर भेटल्यावर बोलू. हे पत्र दुसऱ्या चौकातल्या त्या दारासाठी आहे.

त्या दाराला कुलूप आहे. किल्ली तीन खोल्या सोडून एका खांबाशी ठेवलेली, राखणीला दोन वटवाघळं. मी वटवाघळं मारली, किल्ली आणली, दार उघडलं. आत पेटी, पेटीत औषधाची बाटली. बाटली घेतली आणि वहीत लिहिलं: हे कुलूप कोणी लावलं?

हा प्रश्न मला दुसऱ्याने शिकवला. पहिल्या नोकरीत एका मोबाइल गेमसाठी मी तळघराची लेव्हल केली होती. सहा दारं, सहा किल्ल्या, सगळं मोजूनमापून. टेस्टिंगला बसलेल्या मुलाने अर्ध्या तासाने मान वर करून विचारलं, "ताई, इथे राहायचं कोण?" मला उत्तर देता आलं नाही. गेम बाजारात गेला आणि लोक नेमके माझ्या तळघरात येऊन गेम सोडू लागले. लेव्हल अवघड नव्हती. त्या घरात कोणी राहिलेलंच नव्हतं, म्हणून तिथे थांबावंसं कोणाला वाटत नव्हतं. ते तळघर मला अजून खुपतं.

तुझा आदर्श कॅसलव्हेनिया ही जुनी गेममालिका आहे, हे तू पहिल्याच भेटीत सांगितलंस. चाबूक, मेणबत्त्या, भिंतीत लपवलेलं खाणं, सगळं तिथूनच उचललंयस. उचलायला माझी हरकत नाही. पण या वस्तू त्या किल्ल्यात का आहेत ते आधी बघ.

पहिला खेळ कोनामीने 1986 साली जपानात काढला. कथा म्हणावी तर दोन ओळींची: सायमन बेलमाँट हातात चाबूक घेऊन ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात शिरतो. तरीही तो किल्ला चाळीस वर्षं लोकांच्या डोक्यातून जात नाही. सायमनची उडी आठव. एकदा जमीन सोडली की हवेत दिशा बदलता येत नाही. चाबूक बटण दाबल्याबरोबर लागत नाही, आधी हात मागे जातो. फटका बसला की गडी मागे फेकला जातो आणि पाठीशी खड्डा असेल तर संपलाच. लोक याला कंट्रोल जड आहेत म्हणून नावं ठेवतात. पण समोरची मेड्युसाची मुंडकी बघ, लाटेसारखी वरखाली होत हवेतून येतात. त्यांना वजन नाही, याला आहे. हा हाडामांसाचा माणूस आहे आणि हे घर माणसांसाठी बांधलेलं नाही, हे तुझ्या अंगठ्याला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. पडद्यावर एक अक्षरही उमटत नाही.

आता त्याच मालिकेतला 1997 सालचा सिम्फनी ऑफ द नाइट काढ आणि ड्रॅक्युलाच्या मुलाला, अलुकार्डला, चालव. तो हवेत वळतो, चालताना मागे स्वतःच्या छाया सोडत जातो. पुढे वटवाघूळ होतो, लांडगा होतो, धुकं होतो. ब्रॅम स्टोकरच्या 1897 सालच्या कादंबरीत ड्रॅक्युला हीच तीन रूपं घेतो. म्हणजे बापाला थांबवायला निघालेला मुलगा एकेक करत बापाचीच विद्या अंगात घेत जातो. ज्या दाराशी तू धुकं होऊन आत शिरतोस, तिथे तू किल्ली वापरत नाहीस, वारसा वापरतोस. त्याच्या नावातही बापच आहे, रोमन अक्षरांत ड्रॅक्युला उलटा वाचला की अलुकार्ड. देवनागरीत ही गंमत हरवते, त्यामुळे आपल्याकडच्या पुष्कळ मुलांना ती कळतही नाही.

त्या खेळातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट चष्म्याची आहे. तू पोचलायस तिथपर्यंत, त्यामुळे उघड बोलते.

खेळ सुरू होतो तेव्हा तू रिश्टर असतोस, सायमनच्याच बेलमाँट घराण्यातला. 1792 साल, शेवटचं दालन, समोर ड्रॅक्युला. त्याला तू स्वतःच्या हाताने मारतोस. ती लढत तू कशी खेळलास यावर पुढे अलुकार्डची सुरुवातीची ताकद ठरते, म्हणजे त्या दोघांचं नातं आकड्यांतसुद्धा जुळवलेलं आहे. मग पाच वर्षं जातात, तू अलुकार्ड होतोस, अख्खा किल्ला पालथा घालून वर पोचतोस, आणि सिंहासनावर रिश्टर. म्हणतो, किल्ल्याचा धनी मीच. तू त्याला मारू शकतोस. मारलंस तर नावं वर सरकतात, खेळ संपतो. पुष्कळ लोकांनी तिथेच कंट्रोलर खाली ठेवला असणार.

ज्याने किल्ल्याकडे नीट पाहिलं, त्याच्या मनात मात्र एक शंका असते. हा किल्ला ड्रॅक्युलाबरोबर उभा राहतो आणि ड्रॅक्युला मेला की कोसळतो, हे पहिल्या खेळापासून ठरलेलं आहे. मग ड्रॅक्युला नसताना भिंती उभ्या कशा? रिश्टरला कोणीतरी चालवत असणार. शंका आली की माणूस शोधायला लागतो. दोन अंगठ्या सापडतात, दोन्हींवर अर्धा अर्धा मजकूर. जोडून वाचला की बोट घड्याळाकडे जातं. दोन्ही अंगठ्या घालून किल्ल्याच्या मधोमध असलेल्या घड्याळाच्या दालनात उभं राहिलं की खाली वाट उघडते आणि रिश्टरला शोधत आलेली मारिया चष्मा देते. तो घालून रिश्टरसमोर जा, त्याच्या डोक्यावर घिरट्या घालणारा गोळा दिसतो. मारायचं त्या गोळ्याला, माणसाला हात लावायचा नाही. तेवढं जमलं की आभाळात दुसरा किल्ला उघडतो. तोच, पण उलटा. छत पायाखाली आणि जमीन डोक्यावर.

इतकी हत्यारं देऊन शेवटी खेळ तुला काय देतो, तर चष्मा. अर्धा किल्ला तू मारण्यात पटाईत झालास, आणि पुढचा अर्धा फक्त न मारणाऱ्याला मिळतो. हे मध्येच टाकलेलं नाही. वाटेत एका स्वप्नात अलुकार्डला त्याची आई दिसते, तिला चेटकीण ठरवून मारलं जात असतं, आणि ती म्हणते माणसांचा सूड घे. तो ओळखतो की ही आई नव्हे. आईचे खरे शब्द अगदी शेवटी, बाप मरायला टेकलेला असताना, अलुकार्डच्या तोंडून बाहेर पडतात: माणसांचा द्वेष करू नकोस. चष्मा घालून रिश्टरला वाचवताना तू आईचं तेच म्हणणं पाळत असतोस, आणि ते तू अजून ऐकलेलंही नसतं. मी पहिल्यांदा हे जोडून पाहिलं तेव्हा खोलीत एकटीच होते आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. गोष्ट नियमात घालणं म्हणजे काय, ते मला त्या रात्री कळलं.

आता तुझा वाडा.

तुझ्या वाड्यात मेणबत्त्या आहेत आणि नायक चाबकाने त्या फोडतो. तिकडे ते शोभतं. त्या किल्ल्यातला उजेड शत्रूने लावलेला आहे, तो फोडून काळीज उचलायचं आणि त्याच्या जोरावर हत्यार फेकायचं. पण नाशकातल्या वाड्यात दिवा कोण लावतं? दिवेलागणीला घरातली बाई लावते. दिवळीत, देवघरात, तुळशीपाशी. आपण दिवा विझला असंसुद्धा म्हणत नाही, शांत झाला म्हणतो. तुझ्या नायकाने पहिल्या चौकात सटासट बारा दिवे फोडले तेव्हा माझ्या पोटात कसंतरी झालं, आणि ती भीती तुला हवी असलेली नव्हती. त्याच्या हातून दिवे लावून घे. तेल किती उरलंय हाच त्याचा हिशोब असू दे. मग तेल वाचवून अंधारातून जायचं की उजेड करून दिसायचं, हे खेळणाऱ्याला दर खोलीत ठरवावं लागेल.

भिंतीतलं मांसही तसंच. वाड्याच्या भिंतीत काय असतं ते तुझ्या आजीला विचार. बळद असतं, धान्य साठवायचं. ते कुठे आहे हे घरच्यांनाच ठाऊक असतं. म्हणजे तुझ्या नायकाला एखाद्या भिंतीवर कुठे थाप मारायची ते आपोआप कळत असेल, तर तो या घरात लहानपणी राहिलेला आहे. हे एक वाक्यही न लिहिता सांगता येईल. पहिल्या खोलीत त्याला एक बळद सहज सापडू दे. तिसऱ्या खोलीपर्यंत खेळणारा स्वतःला विचारेल, याला हे कसं माहीत?

रक्तपिपासू पिशाच आपल्या मातीतलं नाही, वेताळ घे, मुंजा घे, असं तुला कोणीतरी सांगेलच. मी तसा आग्रह धरणार नाही. नारोशंकराच्या देवळावरची घंटा तू शंभरदा पाहिली असशील. ती पोर्तुगीजांची, 1739 साली मराठ्यांनी वसई जिंकली त्यानंतर इकडे आलेली. आज ती परकी वाटत नाही, कारण तिला इथे काम मिळालं. गोदेला पूर आला की जुनी माणसं विचारतात, घंटेला पाणी लागलं का? गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीचंही तेच. पाणी त्याच्या गुडघ्याला आहे, कमरेला आहे की गळ्याशी आलंय, एवढं ऐकलं की सराफ बाजारातला दुकानदार माल वर चढवायचा की नाही ते ठरवतो. आकडा लागत नाही, भोंगा लागत नाही. आख्खं शहर एका मूर्तीकडे बघून गोष्ट वाचतं. तुझ्या खेळात कोपऱ्यातला आरोग्याचा पट्टा काढून टाकून असं काही करता येईल का, बघ.

तेव्हा पिशाच आण, पण त्यालाही इथे काम दे. स्टोकरच्या कादंबरीत त्याच्यावर एक बंधन आहे: घरातल्या कोणीतरी बोलावल्याशिवाय त्याला पहिल्यांदा आत पाऊल टाकता येत नाही. आता आपल्याकडची रीत आठव. तिन्हीसांजेला दिवा लावला की पुढचं दार उघडं ठेवायचं, लक्ष्मी येते. रोज ठरल्या वेळी, मनापासून, कोणीतरी आत यावं म्हणून दार उघडलं जातं. ही वाक्यं लिहितानासुद्धा माझ्या अंगावर काटा आला. तुझा पिशाच त्या वाड्यात कसा शिरला, हे तुझ्या बिल्डमध्ये कुठेच नाही. मला वाटतं तो याच दाराने आला. आणि ज्या बाईने दार उघडलं होतं, तिला ते नंतर समजलं.

आता दुसऱ्या चौकातल्या कुलपाकडे परत जा. ते तिने लावलं असेल तर? आतून की बाहेरून? बाहेरून असेल तर कोणाला कोंडलं, आणि आतून असेल तर किल्ली बाहेर खांबाशी कशी आली? औषधाची बाटली काढून टाक. त्या खोलीत काय आहे ते मी सुचवणार नाही, ते तुझं आहे. पण वटवाघळं तिथे नकोत. ज्या किल्लीची राखण करायची, ती त्या घरातलं माणूसच राखेल.

वेताळपंचविशीचाही एकदा विचार कर, भुतासाठी नव्हे, नियमासाठी. राजा बोलला की वेताळ उडून परत झाडाला लटकतो. उत्तर माहीत असून गप्प राहिला तर राजाच्या डोक्याची शकलं होणार. हरल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावणं हे आपण गेममध्ये शिक्षा म्हणून करतो. तिथे ते राजाच्या शहाणपणामुळेच होतं, आणि शेवटच्या गोष्टीत त्याला खरंच उत्तर सुचत नाही म्हणून तो पोचतो. तुझा नायक मेला की पुन्हा ओसरीवर उभा राहतो. का? कोण उभं करतं त्याला? याचं उत्तर तुझ्या वहीत असलंच पाहिजे, मग खेळणाऱ्याला ते कधी कळलं नाही तरी चालेल.

या शनिवारी चारच्या सुमारास सरकारवाड्याच्या पायऱ्यांवर ये. लॅपटॉप आणू नकोस, चौकटीची वही आण. जुन्या नाशकात हिंडू, जो वाडा बघू देतील तो आतून बघू, आणि प्रत्येक दाराशी थांबून लिहू की ते कोण उघडायचं आणि कधी. दिवेलागणीपर्यंत वेळ काढून ये, त्या वेळी गल्लीत उभं राहून मला एक गोष्ट पाहायची आहे: आता किती दारं उघडी राहतात.

तुझी,
ताई