वाचकांचे प्रश्न : एअर सस्पेन्शन की पोलादी स्प्रिंग?

प्रश्न : वापरलेली पोर्शे कायेन घ्यायची आहे. एक गाडी पोलादी स्प्रिंगची, 19 इंची चाकांची. दुसरी एअर सस्पेन्शनची, 21 इंची चाकांची. महिन्यातून दोनदा पुणे, दर आठवड्याला अक्कलकोटकडचं शेत. कोणती घेऊ? कुठल्या मोडवर चालवू?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : आधी चाकं बघा, स्प्रिंगचं नंतर. 19 इंची चाकाचा पुढचा टायर 255/55 (255 मिमी रुंद, भिंत रुंदीच्या 55 टक्के), म्हणजे रबराची भिंत सुमारे 140 मिमी. 21 इंचीचा 285/40, भिंत जेमतेम 114. खड्ड्याचा पहिला दणका ही भिंतच खाते. ती कमी असली की टायरला फुगा येतो, रिम वाकते. एअर सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी फुगे, तिथे वाचवत नाही. म्हणून एअरची गाडी घेतलीत तरी चाकं 19 किंवा 20 इंची करा. ती ब्रेकच्या कॅलिपरवरून (ब्रेकची डिस्क दाबणारा भाग) बसतात का, ते आधी तपासून घ्या.

एअरची खरी परीक्षा उन्हात होते. हवेच्या रबरी फुग्याच्या घडीत धूळ घासते, उष्णतेनं रबर कडक होऊन चिरा पडतात. सौदा ठरण्याआधी गाडी सपाट जागी नॉर्मल उंचीवर लावा, चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंतचं अंतर मोजा, रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधी पुन्हा मोजा. एकच कोपरा बसला असेल तर तिथे गळती धरा. गाडी वरच्या उंचीवर नेली की फुग्याची घडी उघडते. तेव्हा साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे दिसतात. ही गळती अंगावर काढू नका. उंची राखायला हवा भरणारा कॉम्प्रेसर सतत पळतो आणि शेवटी तोही जळतो.

रोज नॉर्मल मोड. शेताच्या चाकोरीत एअरच्या गाडीची उंची वाढवा, पण सावकाश चालवा : उचललेल्या गाडीच्या चाकाला खाली जायला वाव कमी उरतो, त्यामुळे ती जास्त आदळते. भरल्या गाडीत महामार्गावर बॉडी डुलत असेल तर डँपर (शॉक ॲब्सॉर्बर) तेवढे स्पोर्टवर घ्या. स्पोर्ट प्लस मात्र नको. त्यात गाडी खाली बसते, डँपर ताठरतात आणि खडबडीत डांबरावर चाक उसळून पकड सुटते.

पंक्चरवाल्यानं जॅक लावण्याआधी मेन्यूतून उंचीचं नियंत्रण बंद करा. नाहीतर गाडी जॅकवर असताना उंची बदलू शकते; हे फार धोक्याचं आहे.

आणि टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना, दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. तापमान 10 अंश सेल्सिअसनं वाढलं की टायरचा दाब साधारण दीड ते दोन पीएसआय वाढतो. मे महिन्यात दुपारी पुण्याहून येऊन जास्त दिसली, तरी काढू नका.

प्रश्न : पोलादी स्प्रिंगच्या गाडीला नंतर एअर सस्पेन्शन बसवता येईल?

उत्तर : नका बसवू. कॉम्प्रेसर, हवेची टाकी, उंचीचे सेन्सर, वायरिंग, कंट्रोल युनिटचं कोडिंग, सगळंच बदलतं. त्या पैशात आधी चांगले टायर घ्या, डँपर गळत असतील तर एका ॲक्सलचे दोन्ही एकदम बदला आणि लगेच व्हील अलाइनमेंट करून घ्या.