वाचक विचारतात : बँडमध्ये माणसं बदलली, आता ऐकायचं कसं?

प्रश्न : आवडत्या बँडचा नवा संच पुण्यात ऐकला. गायक नवा, गिटारवालाही नवा. जुनी गाणी रेकॉर्डपेक्षा खालच्या पट्टीत वाटली. नव्याला झेपत नाहीत म्हणून उतरवली का? (विश्रामबाग, सांगली)

आधी ती खरंच उतरवली आहेत का ते तपासा. गिटारचा आवाज जरा घुमा ठेवला तरी गाणं खाली गेल्यासारखं वाटतं. मोबाइलवर घेतलेली 20 सेकंदांची क्लिप पुरते. फोनच्या माइकमुळे आवाज फाटतो, पण सूर हलत नाही. घरी पेटी काढा आणि गाणं ज्या सुरावर येऊन विसावतं तो सूर शोधा. रेकॉर्डवर तो पांढरी 3 (सप्तकातली तिसरी पांढरी पट्टी) असेल आणि क्लिपमध्ये काळी 2 लागली, तर गाणं एक पट्टी खाली आलंय. पांढरी 2 लागली तर दोन पट्ट्या.

आली असेल तरी तो दोष मानू नका. आपल्याकडे पुरुष काळी 1 किंवा काळी 2 घेतात, बायका काळी 4 किंवा काळी 5, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मग रॉकच्या गायकानंच दुसऱ्याच्या पट्टीत का गावं? रेकॉर्डिंगला एक ओळ दहा वेळा गाता येते. दौऱ्यात दोन-दोन तास, तेही लागोपाठच्या रात्री गायचं असतं. वय वाढलं की मूळ गायकही पट्टी उतरवतात.

खरी अडचण होते ती गिटारची. रॉकची कित्येक गाणी सगळ्यात जाड, मोकळ्या (बोट न दाबता छेडलेल्या) तारेवर उभी असतात. ती तार पांढरी 3 ची, 82.4 हर्ट्झची. गाणं खाली आणलं की तो सूर मोकळ्या तारेवर मिळत नाही, म्हणून सगळ्या तारा उतरवाव्या लागतात. एक पट्टी उतरवली की तीच तार 77.8 हर्ट्झला येते. 9 नंबरचा बारीक तारांचा सेट असेल (नंबर जितका मोठा तितकी तार जाड) तर तारा सैल पडतात, गिटारच्या पडद्यांवर (फ्रेटवर) खरखरतात. जोरात छेडली की तार आधी चढी वाजते आणि मग जागेवर येते. म्हणून एक पट्टी खाली वाजवायचं तर बरेच जण 10 चा सेट लावतात आणि दोन पट्ट्यांसाठी 11 चा. दोन गाण्यांच्या मध्ये मदतनीस दुसरी गिटार आणून देतो ती यासाठीच. नवा गिटारवाला गिटार न बदलता बोटं सरकवून काम भागवत असेल, तर सूर बरोबर येतात पण मोकळ्या तारेची गुरगुर हरवते. तुम्हाला गाणं ‘पडल्यासारखं’ वाटलं त्याचं कारण बहुतेक हेच असावं, गायक नव्हे.

गायकाकडे बघायचं तर वरचा सूर लागतो की नाही एवढंच पाहू नका, ओळीचा शेवट ऐका. पट्टी न मानवणारा गायक वरचा सूर कसाबसा गाठतो, पण शेवटचं अक्षर आखूड सोडून श्वास घेतो. पहिल्या ध्रुवपदाला हे झाकलं जातं. तिसऱ्याला झाकत नाही.

प्रश्न : भावे नाट्यमंदिरासारख्या बंद सभागृहात रॉकचा कार्यक्रम असेल तर तिकीट कुठलं काढावं? पुढच्या रांगेत गायकाचा आवाज दबलेला असतो. (मिरज)

पुढच्या रांगेत ड्रम आणि गिटारचे अँप थेट कानावर येतात. गायकाचा आवाज मात्र दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरमधून येतो आणि बराचसा डोक्यावरून मागे निघून जातो. नव्या गायकावर ‘आवाजच नाही’ असा शिक्का पुढच्या खुर्च्यांतूनच बसतो. आठव्या ते बाराव्या रांगेत मधली खुर्ची घ्या. मिक्सरवाला प्रेक्षागृहात बसला असेल तर त्याच्या जवळपास बसा, तो स्वतःला जे ऐकू येतं त्यावरच आवाज जुळवतो. बाल्कनीच्या खाली अगदी मागे बसू नका, तिथे झांजांची धार आणि शब्दांची अक्षरं बोथट होतात. मागच्या भिंतीला टेकून उभं राहिलं तर बेस फुगलेला येतो.

कानात फोमचे बोळे घाला. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे 85 डेसिबलला 8 तास चालतात, त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. बोळा बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट धरून ठेवा. कापसाचा उपयोग जवळजवळ नाही.

प्रश्न : ड्रमर बदलल्याचं सामान्य श्रोत्याला कळतं का? (तासगाव)

सगळ्यात आधी तेच कळतं, फक्त नाव देता येत नाही. ‘मजा नाही आली’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा ड्रमबद्दलच बोलत असतो. रेकॉर्डचे 15 सेकंदांतले ठोके मोजा आणि चारनं गुणा. 30 भरले तर लय 120. मंचावर 32 भरले, म्हणजे 128, तर काळजी नको, जोशात तेवढं होतं. पण पहिल्या कडव्यात 30 आणि शेवटच्यात 34 भरत असतील तर ड्रमर पळतोय. पडद्यावरचं चित्र किंवा आधी भरलेलं संगीत सोबत असेल, तर सहसा त्याच्या कानात ठेक्याची टिकटिक चालू असते आणि लय हलत नाही.

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचं उदाहरण घ्या. त्यांचे ड्रमर निको मॅक्ब्रेन डिसेंबर 2024 मध्ये दौऱ्यांतून निवृत्त झाले आणि 2025 पासून सायमन डॉसन वाजवतात. मॅक्ब्रेन मोठा ड्रम एकाच पायानं, एकाच पेडलवर वाजवत. या बँडचा घोड्याच्या टापांसारखा ठेका स्टीव्ह हॅरिस यांच्या बेस गिटारवर धावतो. तेव्हा नवा संच ऐकताना झांजांकडे लक्ष नको, पाय आणि बेस एकत्र पडतात का ते ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर हा निवाडा करू नका. बेसची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झची, आणि फोनचा चिमुकला स्पीकर तिथवर उतरतच नाही.

प्रश्न : मूळ माणूसच गेला तर बँडनं नाव बदलू नये का? (विटा)

नाव ठेवावं, पण गेलेल्याची नक्कल करणारा आणू नये. दिल्लीच्या इंडियन ओशन बँडचे असीम चक्रवर्ती बसून तबला वाजवत आणि त्याच वेळी गात. डिसेंबर 2009 मध्ये ते गेले. बँडनं त्यांच्यासारखा दुसरा शोधला नाही, काम दोघांत वाटलं : गाणं हिमांशू जोशी यांच्याकडे, तबला तुहीन चक्रवर्ती यांच्याकडे. पुढे 2013 मध्ये गिटारवादक सुस्मित सेन बाहेर पडले आणि गिटारवर निखिल राव आले. आता ऐकताना गाणारा गळा तबल्याच्या बोलांत गुंतलेला नसतो, त्यामुळे आलाप लांबतात आणि तबलाही गाण्यामागून मोकळा चालतो. जुन्या रेकॉर्डवर मात्र श्वास आणि थाप एकाच माणसाची आहे. दोन्ही एकाच संध्याकाळी, चांगल्या हेडफोनवर, लागोपाठ ऐका.