काळा साबण आणि ओढली जाणारी त्वचा

प्रश्न : आफ्रिकन काळ्या साबणाने चेहरा ओढल्यासारखा होतो. पावसाळ्यात वडीही चिकट झालीय. टाकून देऊ का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : टाकू नका. घाना-नायजेरियाकडे हा साबण कोकोच्या टरफलांची, केळ्याच्या सालींची राख आणि पामतेल, शिया बटर यांपासून करतात. राखेतल्या क्षारामुळे त्याचा पीएच (आम्ल-अल्कलीपणा मोजणारा आकडा) 9-10च्या आसपास जातो. त्वचेचा साधारण 5, म्हणून ही ओढ. वडी थेट घासू नका, कण ओरखडतात. हरभऱ्याएवढा तुकडा ओल्या तळहातावर फेसवा, 20 सेकंदांत धुवा, लगेच मॉइश्चरायझर. आठवड्यातून दोनतीनदा पुरे. बोअरचं जड पाणी असेल तर त्वचेवर साबणाचा साका बसतो. शेवटी चेहरा धुवायला आरओ फिल्टरचं पाणी घ्या. चिकटपणा ग्लिसरीनचा, ते हवेतली ओल ओढतं. तुकडे घट्ट डब्यात ठेवा. जळजळ होत राहिली तर मात्र वापर थांबवा.