गोडाऊनच्या पोरांशी नको, शेजारच्या काउंटरवरच्या मुलाशी तुलना करा

कळव्याच्या एका ताईंनी लांबलचक मेसेज पाठवलाय, त्याचा सारांश असा. ठाण्यात गोखले रोडला कपड्यांच्या मोठ्या दुकानात त्या चार वर्षं सेल्सवर आहेत, हातात 14,300 येतात. मागच्या महिन्यात जेंट्स सेक्शनमधल्या मुलाचा मोबाईल बिलिंगच्या टेबलावर चार्जिंगला होता, त्यावर पगाराचा एसएमएस झळकला, 17,500. तो मुलगा 22 महिन्यांपूर्वी लागलाय आणि त्याला बिलिंग मशीन शिकवलं ते या ताईंनीच. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, "मुलं गोण्या उचलतात, रात्री थांबतात, आणि लेडीज स्टाफ या पगारात भरपूर मिळतो". भिवंडीच्या गोडाऊनमधल्या पोरांना तर याहून जास्त मिळतं म्हणे. ताईंनी ब्रिटनमधल्या दुकानातल्या बायकांच्या केसची बातमी वाचलीय, तसं आपल्याकडे होईल का हा प्रश्न.

ताई, ब्रिटनचं आधी बाजूला काढूया. ऑगस्ट 2024 मध्ये नेक्स्ट या कपड्यांच्या चेनमधल्या साडेतीन हजारांहून जास्त आजी-माजी दुकान कर्मचाऱ्यांच्या बाजूने तिथल्या ट्रिब्युनलने निकाल दिला, बहुतेक बायकाच, आणि त्यांची तुलना होती वेअरहाऊसमधल्या लोकांशी. पण तिथला कायदा दोन वेगळी कामंसुद्धा समान मोलाची धरू शकतो. आपला कायदा विचारतो काम तेच आहे का किंवा तशाच स्वरूपाचं आहे का, म्हणजे कौशल्य, मेहनत, अनुभव, जबाबदारी सारखी हवी, आणि मालकही एकच हवा. त्यामुळे भिवंडीच्या पोरांचं नाव कामगार कार्यालयात द्यायच्या अर्जात घातलंत की समोरचा वकील खूश, त्यात ती पोरं ठेकेदाराची निघाली तर अजूनच खूश. ब्रँडने स्वतःच्या पगारावर उभे केलेले प्रमोटरही सोडून द्या.

तुमची केस आहे ती त्या चार्जिंगवाल्या मुलावर. तोच मालक, तेच दुकान, तेच काम, आणि अनुभव तुमचा जास्त. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण सहा वर्षं जुना सेल्समन दाखवला असता तर मालक म्हणाला असता की अनुभवाचे पैसे आहेत, आणि ते चाललं असतं.

आता मॅनेजरच्या सबबी. गोण्यांचं बघा. गाडी आठवड्यातून किती वेळा येते? तुम्ही लिहिलंय मंगळवारी एकदा, आणि अर्ध्या तासात माल वर जातो. बाकी सहा दिवस तो मुलगा तेच करतो जे तुम्ही करता, हँगरिंग, घड्या घालणं, ट्रायल रूमबाहेर कपडे मोजणं, बिल फाडणं. कायदा म्हणतो की व्यवहारात महत्त्व नसलेला फरक धरायचा नाही. माझ्या एका जुन्या प्रकरणात मालकाकडून असंच आलं होतं की मुलं शटर ओढतात, कामगार कार्यालयाच्या ऑफिसरने शांतपणे विचारलं किती वेळ लागतो हो, मॅनेजर बोलून गेला "दोन मिनिटं", त्यानंतर शटरचा विषय परत कुणी काढला नाही.

रात्री थांबायचं म्हणाल तर जादा वेळेचा ओव्हरटाइम वेगळा आणि दुप्पट दराने द्यायचा असतो, तो बेसिकमध्ये लपवून चालत नाही. आणि रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, म्हणजे तुम्ही लवकर निघता हा काही तुमचा कमीपणा नाही. "लेडीज स्टाफ या पगारात भरपूर मिळतो" हे मात्र मॅनेजरने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलाय, ते कधी, कुणासमोर बोलला ते आजच तारखेसकट लिहून ठेवा.

हा मुद्दा नवा नाही. मुंबईतच मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकॉस्टा या स्टेनोग्राफर होत्या, पुरुष स्टेनोंपेक्षा पगार कमी. कंपनीने युनियनशी झालेला करार पुढे केला, आर्थिक परिस्थितीही सांगितली, पण 1987 मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन्ही ऐकलं नाही. आणि लक्षात घ्या, त्यांनी दावा केला तो नोकरी गेल्यावर. म्हणजे उद्या तुम्ही राजीनामा दिलात तरी हक्क संपत नाही. फक्त नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाच्या, म्हणजे फुल अँड फायनलच्या कागदावर "आता काही येणं बाकी नाही" असं असेल तर डोळे झाकून सही ठोकू नका.

कायदा कुठला लावायचा यात थोडी गुंतागुंत आहे. ती केस झाली 1976 च्या समान वेतन कायद्याखाली, आता 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी वेतन संहिता 2019 लागू झालीय. तुमच्या 22 महिन्यांतला काही भाग जुन्या कायद्यात पडतो म्हणून अर्जात दोन्हीची नावं घाला. संहितेत मागणी करायला तीन वर्षांची मुदत आहे, आणि पैसे बरोबर दिले हे दाखवायची जबाबदारी मालकाची. फरक 3,200 गुणिले 22 म्हणजे 70,400. यावर दहापटीपर्यंत भरपाई देता येते असं कलम आहे खरं, पण "पर्यंत" या शब्दावर बोट ठेवा, मी तरी कुणाला त्या आकड्यावर घर बांधायला सांगत नाही.

तुमच्या सेक्शनच्या दुसऱ्या दोघीजणींची भीती मला कळली, मालक मुलांचेच पगार कापेल आणि सगळे आपल्यावर डाफरतील. तसं करता येत नाही, समानता आणायची म्हणून कुणाचाच पगार खाली आणायचा नाही असं कायद्यातच लिहिलंय, त्या मुलाला हे आधीच सांगून टाका म्हणजे तो साक्षीला टाळाटाळ करणार नाही. तिघींचा मिळून एकच अर्ज चालतो, आणि मी तेच सुचवेन, एकटीला बाजूला घेऊन समजावणं मालकाला फार सोपं जातं. कामावरून काढलंच तर तो वेगळा वाद, त्याच दिवशी फोन करा.

त्याच्या मोबाईलचा फोटोबिटो काढायच्या भानगडीत पडू नका, पगाराचं रजिस्टर ऑफिसर मागवू शकतो. तुम्ही जमवायचं ते तुमच्या स्लिपा, बँकेचं पासबुक, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज येणारा ड्युटी चार्ट, ज्यात तुमचं आणि त्याचं नाव एकाच काउंटरवर दिसतं. ग्रुपमधून काढून टाकायच्या आत ते सेव्ह करा. अर्ज ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात द्यायचा, पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. तोपर्यंत येत्या मंगळवारी गाडी किती वाजता लागली, किती गोण्या होत्या आणि कुणी उचलल्या हे एका वहीत टिपायला लागा, त्यात एखादी गोणी तुम्ही उचलली असेल तर तीसुद्धा.