वैताग आला की इंग्रजीत काय लिहावं?

सोसायटीच्या लिफ्टचं काम किती दिवस रखडलंय म्हणून एका वाचकाने कंत्राटदाराला इंग्रजीत पत्र लिहिलं. त्यात शेवटी 'आय ॲम ॲट माय विट्स एंड' असं घातलं. 'मी वैतागलोय' या अर्थाने हे चालेल का, आणि चालणार नसेल तर काय लिहावं, असा त्यांचा प्रश्न आहे.

व्याकरणात काही चूक नाही, पण हा वैताग नव्हे. 'विट्स' म्हणजे अक्कल, डोकं. सगळे उपाय करून झाले आणि आता काही सुचेनासं झालं, की माणूस 'ॲट विट्स एंड' असतो. १६११ सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये १०७व्या स्तोत्रात वादळात सापडलेल्या खलाशांचं वर्णन आहे. ते दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खातात आणि त्यांची मती खुंटते, तिथे हेच शब्द आलेत. त्या खलाशांना कुणाचा राग आलेला नाही, त्यांचं कसब संपलंय. रात्रभर रडणाऱ्या तान्ह्या बाळाच्या आईच्या तोंडी हे शोभेल. कंत्राटदाराला मात्र त्यातून 'आम्ही हात टेकले' एवढंच कळेल, इशारा पोचणार नाही.

खरा वैताग 'फेड अप'मध्ये आहे. खाऊन खाऊन पोट गच्च भरलंय आणि आता घास नको झालाय, असं ते चित्र. आपलं 'अजीर्ण होणं' किंवा 'वीट येणं' याच घरातलं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या (१८९९-१९०२) सुमारास ब्रिटिश सैनिकांच्या बोलीतून हा प्रयोग बराच पसरला. जास्त जोर हवा असेल तर 'फेड अप टू द बॅक टीथ', म्हणजे अगदी दाढांपर्यंत! पुढे 'विथ' येतो. ब्रिटनमध्ये बोलताना 'ऑफ' सर्रास ऐकू येतो, लिहिताना 'विथ'च ठेवावा.

'ॲट द एंड ऑफ माय टेदर' मला फार आवडतो. टेदर म्हणजे दावं. खुंट्याला बांधलेलं जनावर दावं पुरेल तिथवर चरतं. पुढचं गवत दिसतं, पण तोंड पोचत नाही. अमेरिकेत टेदरच्या जागी 'रोप' म्हणतात. यात चिडण्यापेक्षा थकवा जास्त, म्हणून 'मेटाकुटीला येणं' हा त्याचा सख्खा भाऊ.

'लास्ट स्ट्रॉ', म्हणजे उंटाची पाठ मोडणारी शेवटची काडी, मात्र माणसाच्या मनःस्थितीला लावत नाहीत, घटनेला लावतात. लिफ्ट दुरुस्त झाली आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा अडकली, तर ते अडकणं म्हणजे लास्ट स्ट्रॉ. सतराव्या शतकात या म्हणीत घोडा होता आणि त्याची पाठ मोडणारं शेवटचं पीस होतं. डिकन्सच्या 'डॉम्बी अँड सन' या कादंबरीत (१८४८) लादलेला उंट आणि काडी आहे. 'उंटाच्या पाठीवरची शेवटची काडी' हल्ली मराठीतही छापून येते. हाताशी 'कडेलोट' असताना हा उंट कशाला आणायचा, असं माझं ठाम मत आहे.

'सिक अँड टायर्ड' वरवर साधा वाटतो, पण त्याचं वजन पाहायचं तर फॅनी लू हेमर आठवाव्यात. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या या शेतमजूर कृष्णवर्णीय नागरी हक्क कार्यकर्तीने १९६४ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये म्हटलं होतं, 'आय ॲम सिक अँड टायर्ड ऑफ बीइंग सिक अँड टायर्ड'. घासून गुळगुळीत झालेल्या शब्दांना तिने पुन्हा आजार आणि थकवा हे मूळचे अर्थ दिले.

आता पत्राचं. 'फेड अप' तिथे लिहू नये. मित्राशी बोलताना ठीक, पत्रात ती नुसती कुरकुर वाटते. त्याऐवजी 'अवर पेशन्स इज वेअरिंग थिन' लिहावं. वापरून वापरून कापड विरत जातं, तसा संयम विरत चाललाय, पण अजून फाटलेला नाही. सभ्य इशाऱ्याला एवढं पुरतं. आणि लगेच पुढच्या वाक्यात काम कोणत्या तारखेपर्यंत हवं, ते लिहा.